भिंतीवरची शिंगं, उसातला बिबट्या

१८०९ ते १८२९ या वीस वर्षांत रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्याने अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारले. आकडा गोल नाही, म्हणजे कुणीतरी एकेक पक्षी मोजून वहीत उतरवला असणार. माळढोक का संपला हे सांगायला बसलेले पक्षीतज्ज्ञ आजही या आकड्यापासून सुरुवात करतात. मॅन्सफील्डच्या बंदुकीचे पहिले बार झाले तेव्हा पेशवाई बुडायची होती आणि नगर नावाचा इंग्रजी जिल्हा अजून जन्माला यायचा होता. आज सगळ्या देशात मिळून रानात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास आहेत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात.

शिकारीच्या ट्रॉफ्या आयात करायला बंदी असावी की नसावी, यावर गेली दहा वर्षं युरोपच्या संसदांमध्ये खल चालू आहे. सिंहाचं मुंडकं, हत्तीचे सुळे, झेब्र्याचं कातडं आफ्रिकेतून आणू द्यायचं की विमानतळावरच अडवायचं, असा तो वाद. नगर जिल्ह्यातल्या नेवाशाला त्याचं काय, असं कुणी विचारील. पण हा माल एके काळी आपल्याकडून जात होता. मग तो जायचा थांबला. थांबून पन्नासेक वर्षं झाली आणि त्यानंतर काय झालं हे इथल्या माळावर आणि उसात बघायला मिळतं. बंदीच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणाऱ्यांना हवा असलेला अनुभव आपल्याकडे आयता पडून आहे.

शिकार इथे नवी नव्हतीच. प्रवरेच्या काठच्या वाळूगोट्यांत पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांना १९५४नंतरच्या उत्खननांत अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली. त्यातल्या एका हत्यारपरंपरेला पुरातत्त्वात ‘नेवासन’ असं नावच पडलं. नेवासा म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आणि पैसाचा खांब आठवतो. अश्मयुगाच्या अभ्यासकांना आठवतात ते दगडी छिलके. ती माणसं पोटासाठी मारत होती. मारलेल्या जनावराचं शिंग मोजून, त्याची नोंद करून, सात समुद्रापार नेऊन भिंतीवर टांगायचं ही गोष्ट मात्र एकोणिसाव्या शतकातली.

आधी विज्ञानाच्या नावाने माल गेला. कर्नल विल्यम सायक्स मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी म्हणून १८२४पासून दख्खनभर हिंडला. जमीन, महसूल, पाऊस यांच्या नोंदींसोबत त्याने प्राणी-पक्ष्यांचे नमुने जमवले आणि लंडनला धाडले. १८३१मध्ये त्याने आपल्या लांडग्याला शास्त्रीय नाव दिलं. जगभरच्या पुस्तकांत भारतीय लांडगा आजही सायक्सच्या नावानिशी नोंदला जातो. आपल्या माळावरच्या एका चंडोलाचं इंग्रजी नावही त्याच्यावरूनच आहे. सायक्सला मी मॅन्सफील्डच्या रांगेत बसवणार नाही. त्याच्यामुळे निदान माळावर काय होतं हे कळलं. पण कातडी काढून, मसाला भरून, पेटीत घालून लंडनला पाठवायची वाट त्याच काळात रुळली. शतकाच्या अखेरीस लंडनच्या पिकॅडिलीत रोलंड वॉर्ड या पेंढा भरणाऱ्याने सगळ्या जगातल्या शिकारींच्या मापांचं पुस्तकच काढायला सुरुवात केली. त्याची पहिली आवृत्ती १८९२ची. काळवीट मारला तर शिंग किती इंच, यावर आता पुस्तकातली जागा ठरू लागली. म्हैसूरला व्हॅन इन्जेन कुटुंबाने पेंढा भरण्याचा कारखाना काढला आणि तो विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालला.

एक गोष्ट मात्र निसटू देऊ नये. ट्रॉफीसाठी मेलेली जनावरं हा सगळ्या मारण्यातला लहान हिस्सा होता. इंग्रज सरकार वाघ, बिबट्या, लांडगा मारणाऱ्याला इनाम देत असे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी दप्तरांतून काढलेला हिशेब सांगतो की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत इनामापोटी ८० हजारांहून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. यातलं फार थोडं कुणाच्या दिवाणखान्यात गेलं असेल. शेती वाढवायची, जंगल हटवायचं, ‘हिंस्र’ जनावर नाहीसं करायचं, हे सरकारचं अधिकृत धोरण होतं. सायक्सने जगाला ओळख करून दिलेल्या लांडग्यावर पुढच्या पिढीतल्या साहेबाने इनाम लावलं.

संस्थानिकही मागे नव्हते. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळापासून चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार होत असे, आणि चित्त्यांना शिकवणारे पारधी होते. देशी चित्ता मिळेनासा झाला तेव्हा कोल्हापूरने आफ्रिकेतून चित्ते आणवले. म्हणजे आयातीचा उद्योग आपणही केलेला आहे, फक्त आपण शिकारीच आणले. आजही कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या शहाजी छत्रपती संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं बघायला शाळांच्या सहली जातात.

याच पारध्यांची दुसरी बाजू नगर-सोलापूरच्या माळावर दिसते. फासेपारधी गुराला आडोसा करून माळावर शिरायचा, फासे मांडायचा, काळवीट, तित्तर, लावा पकडायचा आणि ते मांस गावात विकून ज्वारी घ्यायचा. साहेबाने घोड्यावर बसून तोच काळवीट मारला की तो खेळ. पारध्याने फाशात धरला की पोलीस त्याच्या पालावर. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे त्याच्या जन्मावरच गुन्ह्याचा शिक्का मारला. तो कायदा १९५२मध्ये गेला, शिक्का अजून गेलेला नाही. कर्जत-श्रीगोंद्यापासून नेवाशापर्यंत कुठेही चोरी झाली की पोलीस आधी कुणाच्या पालावर जातात, हे वेगळं सांगायची गरज नाही. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडच्या शिकारबंदीचा कुठलाही मागोवा पारध्याला वगळून लिहिला तर तो खोटा. बंदीने ज्याचा धंदा खरोखर बुडाला असा माणूस तोच होता. बाकीच्यांचा छंद बुडाला.

स्वातंत्र्यानंतर शिकार कमी होईल असं वाटलं असेल, तर ती वाढली. लढाईत वापरलेल्या जीपगाड्या स्वस्तात मिळू लागल्या. माळावर जीप सरळ चालते, तिला रस्ता लागत नाही. रात्री शोधदिव्याच्या झोतात हरणाचा कळप जागच्या जागी खिळून राहतो. डॉक्टर, वकील, कंत्राटदार, मामलेदार असे सगळेच बंदुका घेऊन निघाले. मुंबई राज्याने १९५१मध्ये वन्यप्राणी आणि पक्षी संरक्षणाचा कायदा केला होता, परवाने होते, हंगाम होते. पण रात्री माळावर परवाना विचारायला कोण जाणार? मॅन्सफील्डला वीस वर्षं लागली ते काम करायला जीपला थोडे हंगाम पुरले.

याच काळात ट्रॉफीची खरी बाजारपेठ नागपुरात उभी राहिली. अ‍ॅल्विन कूपर नावाची कंपनी अमेरिकन, युरोपियन पाहुण्यांना मध्य भारताच्या जंगलात शिकारीला नेई. ती काढली विद्याचरण शुक्ल यांनी. मध्य प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांचे चिरंजीव, नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९५१मध्ये पदवी घेतलेले, पुढे आणीबाणीत माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री म्हणून गाजलेले. परदेशी चलन देणारा पाहुणा, वन खात्याकडून भाड्याने घेतलेला शिकारीचा ब्लॉक, हाकेकरी म्हणून आसपासच्या गावातले गोंड-कोरकू, आणि शेवटी कातडं व मुंडकं बोटीने किंवा विमानाने घरी. देशाला तेव्हा डॉलरची चणचण होती. वाघ म्हणजे डॉलर हा हिशेब सरकारलाही पटलेला होता. आज आफ्रिकेतल्या देशांचे मंत्री जो युक्तिवाद करतात, तोच आपण साठीच्या दशकात अगदी मनापासून करत होतो.

मग तो सोडला कसा? १९६९मध्ये जागतिक निसर्गसंवर्धन संघाची आमसभा दिल्लीत भरली आणि भारतात उरलेल्या वाघांचा प्रश्न तिथे उघड्यावर आला. १९७०मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. शिकार कंपन्यांनी कोर्टात दाद मागितली, पण बंदी टिकली. १९७२च्या गणनेत १,८२७ वाघ निघाले आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९७३मध्ये व्याघ्र प्रकल्प. त्यात मेळघाट पहिल्या यादीत. जगात लुप्तप्राय प्राण्यांच्या व्यापाराचा साइट्स करार झाला, भारत त्यात १९७६मध्ये सामील झाला. आयात करणाऱ्या देशांनीही दारं लावायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला कातडं घरी नेता येईना, तेव्हा कंपन्यांचा धंदा मुळातूनच गेला. ट्रॉफीची आयात थांबवून काही साधतं का, या प्रश्नाला वाघापुरतं तरी उत्तर आहे: साधलं. जनावर त्या वस्तूसाठीच मारलं जात असेल, तर वस्तूची वाट बंद केल्यावर बार कमी होतात. (चोरटी वाट उघडली, हाडांसाठी वाघ मारले जाऊ लागले, ते पुढचं रामायण.)

आपला कायदा मात्र लोक समजतात तितका पहिल्यापासून कडक नव्हता. १९७२नंतरही शिकारीचे परवाने होते. मोठ्या जनावरांचे वेगळे, लहान जनावरांचे वेगळे, जाळं लावून पकडायचेही. सरसकट बंदी आली ती १९९१च्या दुरुस्तीने. आफ्रिकेतून आयात केलेला हस्तिदंतही त्याच वेळी कायद्याच्या कक्षेत आला. व्यापारी त्यावर कोर्टात गेले, हरले. मग एकाने रशियाच्या बर्फातून निघालेल्या मॅमथच्या सुळ्यांचा मुद्दा काढला: हत्ती नव्हे, हजारो वर्षांपूर्वी मेलेला प्राणी, त्याला कसली बंदी? २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हस्तिदंत म्हणजे हस्तिदंत, मॅमथचाही त्यात आला. आयातबंदीच्या इतिहासात इतका ठाम निकाल क्वचितच मिळेल, आणि तो आपल्याकडचा आहे.

२००३मध्येच घराघरांतल्या जुन्या ट्रॉफ्या जाहीर करायला १८० दिवसांची मुदत देण्यात आली होती. आजोबांनी मारलेल्या काळविटाची शिंगं, वाघनखांचे ताईत, बिबट्याचं कातडं, सगळं. किती घरांनी जाहीर केलं आणि किती घरांनी माळ्यावर सरकवलं, हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला. पण हौस मेली नव्हती, हे २०२४मध्ये दिसलं. विदर्भातल्या एका विद्यमान आमदाराने आपल्या गळ्यातला दात दाखवून, १९८७मध्ये आपण वाघ मारला होता असं कॅमेऱ्यासमोर सांगितलं. वन खात्याने दात ताब्यात घेऊन तपासायला पाठवला आणि गुन्हा नोंदवला. बाहेरून आणलेली ट्रॉफी तर सोडाच, घरच्या ट्रॉफीचा तोराही पन्नास वर्षांच्या कायद्याने उतरलेला नाही.

आता नेवाशाच्या माळाकडे वळू, कारण या सगळ्या कायद्यांचा तिथे लागलेला निकाल वेगळाच आहे.

१९७९मध्ये सरकारने माळढोक अभयारण्य जाहीर केलं. सोलापूर जिल्ह्यातले चार तालुके आणि नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा असा त्याचा पसारा, क्षेत्र जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे एका पक्ष्यासाठी गावंच्या गावं, बाजारपेठा, सातबारे, विहिरी, सगळं अभयारण्यात. १९८०मध्ये कर्जतला रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य झालं, ते जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं. एक अतिप्रचंड, एक तळहाताएवढं. गंमत अशी की तळहाताएवढ्या रेहेकुरीत काळवीट टिकला आणि साडेआठ हजार चौरस किलोमीटरमध्ये माळढोक टिकला नाही. शेवटी २०१२च्या सुमारास अभयारण्याचा आकार सव्वाबाराशे चौरस किलोमीटरवर आणावा लागला. तोवर जमिनीच्या व्यवहाराला परवानगी मागून मागून लोक या पक्ष्यावर इतके वैतागले होते की बघायला एकही उरला नसताना त्याचा राग मात्र तालुकाभर होता.

त्या काळात माळढोकाला कुणी ट्रॉफीसाठी मारत होतं का? राजस्थानात १९७८-७९च्या हिवाळ्यात सौदी राजघराण्यातले पाहुणे बहिरी ससाणे घेऊन जैसलमेरला शिकारीला आले आणि त्यावरून देशभर गदारोळ झाला, मोर्चे निघाले, शिकारी थांबल्या. आपल्या माळावर असा कुणी आला नाही. आपल्याकडे पाणी आलं. राहुरीजवळ बारागाव नांदूरला मुळा धरण झालं, २६ टीएमसीचं. त्याचा उजवा कालवा सत्तरच्या दशकात नेवाशाच्या कोरड्या भागात शिरला. १९७६मध्ये जायकवाडीचं उद्घाटन झालं आणि गोदावरी-प्रवरेच्या संगमाखालचा भाग फुगवट्यात गेला. तिथे पाणपक्ष्यांचं नवं अभयारण्य झालं, रोहित दिसू लागले. ज्या पाण्याने माळाचे पक्षी घालवले त्यानेच पाण्याचे पक्षी आणले. भेंड्याला ज्ञानेश्वर कारखाना, सोनईला मुळा कारखाना. जिरायत गेली, बागायत आली. बाजरी-मठाच्या रानात माळढोक अंडं घालू शकतो; ते एकच अंडं असतं आणि तेही उघड्या जमिनीवर. उसात त्याला उभं राहायलाही जागा नाही.

मला यात कुणाला आरोपी करायचं नाही. १९७२चा दुष्काळ ज्यांनी खडी फोडून काढला, त्यांनी पाट आल्यावर ऊस लावला नसता तरच नवल. पण ट्रॉफीचा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना हे सांगण्यासारखं आहे. एक बाजू म्हणते शिकारीने जनावरं संपतात, दुसरी म्हणते शिकारीच्या पैशाने जनावरं वाचतात. आमच्या माळावर ९६१ मारले गेल्यावरही माळढोक आणखी दीडशे वर्षं होता. त्या काळाच्या शेवटी त्याच्यावर जीप आली आणि जीपनंतर कालवा. जीपवाल्याला कायद्याने आवरता आलं असतं. कालव्याला कुठला वन्यजीव कायदा आवरणार होता? जनावराचं राहायचं रानच दुसऱ्या कामाला लागलं, की ट्रॉफीची वाट उघडी आहे की बंद याला फारसा अर्थ उरत नाही.

युरोपातल्या वादाकडे आता थोडक्यात पाहू. जुलै २०१५मध्ये झिम्बाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाजवळ मिनेसोटाच्या एका दंतवैद्याने सेसिल नावाचा सिंह मारला आणि जगभर संताप उसळला. ऑस्ट्रेलियाने त्या आधीच, त्याच वर्षी, सिंहाच्या ट्रॉफ्यांना बंदी घातली होती; मग फ्रान्सने घातली, पुढच्या वर्षी नेदरलँड्सने अनेक प्राण्यांना. २०२४च्या जानेवारीत बेल्जियमच्या संसदेने बंदीचा कायदा मंजूर केला. ब्रिटनमध्ये मार्च २०२३मध्ये विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं आणि वरिष्ठ सभागृहात जाऊन रुतलं. २०२४च्या निवडणुकीत मजूर पक्षाने पुन्हा तेच वचन दिलं. ज्या लंडनमध्ये आपल्या काळविटांची शिंगं मोजली गेली, तिथेच आता हा नैतिक उमाळा. उशिरा आलेलं शहाणपण म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. मात्र बोट्सवानाच्या मंत्र्याने लंडनच्या हाइड पार्कात दहा हजार हत्ती पाठवू म्हटलं आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मसीसी यांनी जर्मनीला वीस हजार हत्ती घ्या म्हणून सुनावलं, तेव्हा नेवाशातल्या कुठल्याही ऊसवाल्याला त्यांचं म्हणणं एका क्षणात कळलं असतं. बोट्सवानात एक लाख तीस हजार हत्ती आहेत. पिकात शिरतात, माणसं मारतात. जनावर आमच्या शेतात आणि माया तुमच्या शहरात, अशी ती तक्रार.

आपल्या सरकारची भूमिकाही या वादात स्वच्छ नाही. सप्टेंबर २०२२मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोला आले. नामिबिया म्हणजे ट्रॉफी शिकारीचा खंदा समर्थक. दोनच महिन्यांनी पनामातल्या साइट्स परिषदेत हस्तिदंताचा व्यापार पुन्हा खुला करायचा प्रस्ताव आला, तेव्हा इतकी वर्षं ठाम विरोध करणारा भारत मतदानाला तटस्थ राहिला. प्रस्ताव पडला, ते सोडा. चित्ते देणाऱ्याच्या विरोधात हात वर करणं जड गेलं असावं, असा अर्थ बहुतेकांनी काढला.

शिकारीच्या पैशाने जनावर वाचल्याचं सगळ्यात खणखणीत उदाहरण आपल्या शेजारी आहे. पाकिस्तानात मारखोर नावाचा डोंगरी बोकड, पीळदार शिंगांचा. बलुचिस्तानातल्या तोरघरला ऐंशीच्या दशकात टोळीवाल्यांनीच आपसांत शिकार थांबवली आणि मोजक्या म्हाताऱ्या नरांची शिकार परदेशी शौकिनांना विकली. साइट्सने १९९७मध्ये पाकिस्तानला वर्षाला सहा मारखोरांचा कोटा दिला, पुढे बारा केला. परवान्याच्या रकमेतला ८० टक्के वाटा स्थानिकांचा. लिलावात एका परवान्याला लाख डॉलरच्या वर बोली गेलेली आहे, आणि मारखोर वाढले. हे नाकारण्यात शहाणपणा नाही.

मग बिबट्याचं तसंच का करू नये? नगर, पुणे, नाशिकच्या उसाच्या पट्ट्यात हा प्रश्न पारावर, चहाच्या टपरीवर अगदी सर्रास निघतो: फॉरेस्टवाले पिंजरे लावून थकले, एखाद्या अमेरिकनाला बोलवा, एक बिबट्या पन्नास लाखाला विका आणि गावाला पैसे द्या. ऐकायला सोपं वाटतं. पण तोरघरचा डोंगर एका टोळीचा आहे, मारखोर तो सोडून जात नाही, आणि शिंगवाला म्हातारा नर दुर्बिणीतून ओळखता येतो. नेवाशातला बिबट्या एका रात्रीत पंधरा-वीस गटनंबर ओलांडतो. ज्या गावात मारला त्याला पैसे द्यायचे, की ज्या गावात त्याने शेळ्या खाल्ल्या त्याला? शिवाय एक मारला की त्याची जागा रिकामी राहत नाही. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात शंभराच्या वर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. माणसांवरचे हल्ले थांबले नाहीत, उलट सोडलेल्या ठिकाणी नवे सुरू झाले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात कॅमेरे लावून दाखवलं की जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या बागायती भागातही शंभर चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे राहतात आणि त्यांच्या पोटात सगळ्यात जास्त जातात ती गावातली कुत्री. २००९मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला ‘आजोबा’ माळशेजला सोडल्यावर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. असं जनावर कुठल्या ग्रामपंचायतीच्या नावावर चढवणार?

दुसरं टोकही मला पटत नाही. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी वर्षानुवर्षं लिहिलं की १९७२चा कायदा शेतकऱ्यावर अन्याय करणारा आहे. शिकारीला रीतसर परवानगी द्या, रानडुक्कर मारून लोकांना खाऊ द्या, स्वीडन-नॉर्वेसारखे देश तेच करतात. डुकराच्या बाबतीत मला त्यांचं म्हणणं मान्य आहे. नासधुशीचा पंचनामा, त्याची फाइल, मग येणारी रक्कम हे ज्याने एकदा भोगलंय, त्याला ते समजावून सांगावं लागत नाही. बिबट्याच्या बाबतीत मात्र बंदूक गावाच्या हाती दिली तर पहिल्या आठवड्यात कोण कुणावर चालवील, हे सांगणं कठीण. अवनी वाघीण आठवा. यवतमाळच्या पांढरकवडा भागात तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर होते. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री तिला गोळी घातली. दिल्लीत केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी त्याला खून म्हटलं. गावकऱ्यांनी गोळी घालणाऱ्याला चांदीची वाघीण भेट दिली, आणि त्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तीही एक ट्रॉफीच. फक्त ती विकत घेतलेली नव्हती, लोकांनी सुटकेच्या भावनेने दिलेली होती.

आज नेवाशात, राहुरीत, कोपरगावात बिबट्या मेला तर कायद्याने तो सरकारची मालमत्ता. पंचनाम्यात नखं किती, दात किती, मिशा शाबूत आहेत का, याची नोंद होते आणि मग साक्षीदारांसमोर दहन. माणूस मेला तर वारसांना २५ लाख. देशातल्या २०२२च्या अंदाजात महाराष्ट्राचे बिबटे १,९८५ आहेत, पण तो अंदाज जंगलातला. उसात जन्मलेल्यांना त्यात जवळजवळ जागा नाही. २०२५च्या अखेरीस पुणे-नगर पट्ट्यात लागोपाठ बळी गेले तेव्हा नेमबाज बोलावून बिबटे मारावे लागले, जुन्नर भागात काही माद्यांच्या नसबंदीला प्रायोगिक परवानगी मिळाली, आणि बिबट्याला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतून दुसरीत टाका अशी मागणी राज्याने पुढे केली. अनुसूची बदलली तरी बिबट्याचा ऊस तिथेच राहणार, आणि उसाला पाणी द्यायचं रात्रीच. शेतीपंपांना आठवड्यातले काही दिवस वीज मिळते ती रात्री. बारा वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला जाणाऱ्या माणसाची आणि पाटाच्या कडेने येणाऱ्या बिबट्याची वेळ त्यामुळे एकच होते. म्हणून या तालुक्यांत बिबट्यावर मोर्चा निघाला की तो वन खात्याच्या दारात थांबत नाही. तो महावितरणच्या कार्यालयावर जातो, आणि निवेदनात पहिली मागणी पिंजऱ्याची असो वा नसो, दिवसा आठ तास वीज ही असतेच.